सन्मानाच्या संध्याकाळी हरवलेली मुलगी

नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या, पण कुणी एखादी केस सांगा म्हटलं की परळच्या त्या हॉलबाहेरची संध्याकाळच आधी डोळ्यासमोर येते. त्यात रक्त सांडलं नाही, कुणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. तरी सांगते. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांची आहेत त्यांना कळेल.

माझं शिक्षण सातवी, म्हणजे प्राथमिक शाळा, तेवढंच. नवरा पोलीस शिपाई होता. तो नोकरीत असताना गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात जे शिकले ते ठाण्यात आलेल्या माणसांकडून.

तेव्हा सिनेमातला एक मोठा नट दर वर्षी टीव्हीवर अपंग मुलांसाठी कार्यक्रम करायचा. मुलांना स्टेजवर आणायचे, त्यांच्या कहाण्या सांगायचे, लोक देणग्या द्यायचे. शेवटी तो नट एका मुलीला खुर्चीतून उचलून कडेवर घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळे पुसायचा. मुलगी दर वर्षी तीच. लालबागच्या एका चाळीतली. ती लहान असताना सुरू झालेलं हे, पुढे त्या कार्यक्रमाची खूणच होऊन बसलं. याच कामासाठी एका संस्थेने त्या नटाला मंत्र्यांच्या हस्ते मानवसेवेचा मोठा सन्मान द्यायचं ठरवलं आणि परळचा हॉल घेतला.

या सन्मानाला अपंगांच्या एका संघटनेने विरोध केला. कारण साधं होतं. आदल्या वर्षी कार्यक्रमात तो नट म्हणाला होता, 'ही मुलं म्हणजे देवाने अर्धवट सोडलेली चित्रं.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. या लोकांनी मात्र पाट्या लिहिल्या. 'आम्ही अर्धवट नाही.' 'दया नको, रॅम्प द्या.' रीतसर परवानगी मागितली, आम्ही हॉलच्या गेटसमोरची जागा दिली.

बंदोबस्ताच्या बैठकीत एक जण हसत म्हणाला, "साहेब, ह्यांना पांगवायचं कसं? लाठी दाखवली तर रात्री टीव्हीवर आपणच."

मोठे साहेब म्हणाले, "कुणी कुणाला हात लावायचा नाही. बाई, तुम्ही गेटवर थांबा. त्यांच्या पुढारी बाईला तुम्ही ओळखता ना?"

ओळखत होते. भोईवाड्यातल्या चाळीत वाढलेली, पस्तिशीच्या आतली, लहानपणापासून व्हीलचेअरवर. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. बरीच वर्षं परीक्षा देऊन तिला एका सरकारी कचेरीत क्लार्कची जागा लागली होती. हुकूम निघायला फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी होती, आणि ती माझ्याकडेच आली होती. आठवडाभर आधीच मी तिच्या घरी जाऊन आले होते. तिच्या आईने चहा दिला, वडिलांनी मला दोनदा विचारलं, "मॅडम, आंदोलनाचं काही आडवं येणार नाही ना?" मी सांगितलं, "परवानगी घेऊन बसली तर काही नाही. गुन्हा दाखल झाला तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही."

हे ताईने ऐकलं होतं. पुढचं समजायला हे लक्षात ठेवा.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मला एका खबऱ्याचा फोन आला. हा लालबागमध्ये त्या मुलीच्या चाळीखाली किल्ल्या बनवायला बसायचा. म्हणाला, "मॅडम, खबर पक्की हाय. ती खुर्चीवाली बाई परवा चाळीच्या चौकात आलेली. पोरीच्या आयेला बोलली, हिला स्टेजवर चढू देणार नाय."

"असं स्पष्ट बोलली?"

"ह्या कानांनी ऐकलं. लय तावात होती."

मी साहेबांना कळवलं, स्टेशन डायरीला नोंद केली. गेटवर आले तर ताई आणि तिची माणसं ओळीने बसलेली. कुणी खुर्चीत, कुणी सतरंजीवर, बाजूला कुबड्या. मला बघून ती म्हणाली, "जय भीम, मॅडम. पाणी हवंय का? आमच्याकडे पिंप आहे."

मी म्हटलं, "पाणी नको. गडबड नको."

"गडबड आत आहे. आम्ही तर बसलोय."

पाहुणे यायला तास-दीड तास असताना आतून आरडाओरड झाली. मुलगी नाहीशी झाली होती. कलाकारांच्या खोलीत आईजवळ बसलेली, आई चहा आणायला गेली, परत आली तर मुलगी नाही. खुर्ची बायकांच्या संडासाबाहेर रिकामी उभी. आम्ही संडास पाहिले, मागचा दरवाजा पाहिला, गाड्या पाहिल्या, पडद्यामागे पाहिलं. गेटसमोर आंदोलकांनी आणलेला टेंपोही उघडून पाहिला.

संस्थेचे चिटणीस घामाघूम होऊन साहेबांपुढे आले. छातीवर फुलांचा बिल्ला, हातात कार्यक्रमपत्रिका. म्हणाले, "मुलीला एक पाऊल टाकता येत नाही. म्हणजे उचलूनच नेलीय. आणि कुणी नेली ते गेटवर बसलेत. माझी तक्रार घ्या. नावानिशी घ्या."

मी विचारलं, "पुढारी बाई स्वतः खुर्चीत आहे. उचलली कुणी?"

"त्यांच्यात धडधाकट पोरंही आहेत ना, मॅडम! ही सांगणार, ती उचलणार."

अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की अपहरणाचाच गुन्हा दाखल करायचा, हा नियम. त्यात खबऱ्याची खबर डायरीत होती, ती मीच लिहिलेली. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, मंत्र्यांची गाडी निघालीय. ते उतरायच्या आत मुलगी मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर मी हिचं नाव घालून गुन्हा दाखल करतो. मला पर्याय नाही."

कोपऱ्यावर आमची बीट चौकी होती, पत्र्याची, एका उंच पायरीची. ताईला म्हटलं, चौकीत चल. ती स्वतः चाकं फिरवत आली. पायरीशी आमचे दोन शिपाई तिला खुर्चीसकट उचलायला वाकले.

"हात लावू नका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दोघंही थांबले. "आमच्यात एक नियम आहे. विचारल्याशिवाय कुणाला उचलायचं नाही, खुर्चीला हात लावायचा नाही."

"मग आत कशी येणार?" शिपाई म्हणाला.

"फळी आणा. मंडपवाल्याकडे ढीगभर आहेत."

फळी आणली. ती आत आली. शिपायाला मी बाहेर पाठवलं.

चौकशीत मी कधी आवाज चढवत नसे. माणसाला बसू द्यायचं आणि त्याचं बोलणं मोजायचं. खोटं बोलणारा गरजेपेक्षा जास्त बोलतो, वेळा सांगतो, साक्षीदार सांगतो. ही दोन शब्दांच्या पुढे जाईना.

"मुलगी कुठे आहे?"

"मी नेलेली नाही."

"ते मी विचारलं नाही."

चाकावर हात ठेवून ती म्हणाली, "सुखरूप आहे."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"माहीत आहे. सांगणार नाही. तिने सांगितलंय, सांगू नका. फंक्शन सुरू झालं की ती स्वतः येईल."

मी म्हटलं, "तुझी पडताळणी माझ्या टेबलावर आहे. साहेब गुन्हा लिहायला बसलेत. तुझं नाव एकदा त्यात गेलं की कोर्टात सुटायला किती वर्षं लागतील, आणि तोवर ती जागा तुझ्यासाठी थांबेल का, तूच सांग."

"नाही थांबणार."

"मग बोल ना बाई! एक शब्द. घरी बाप वाट बघतोय."

तिने चाकावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "मॅडम, ती पोरगी सहा-सात वर्षांची असल्यापासून सगळे तिला उचलतात. कुणी तिला विचारलेलं नाही. आज तिने पहिल्यांदा स्वतःहून काही ठरवलं आणि ते माझ्या विश्वासावर ठेवलं. ते मी घाबरून तुम्हाला देऊन टाकलं, तर मी त्या नटापेक्षा वेगळी कशी?"

"कायद्याने तू चुकतेयस."

"असेन. लिहा तसं."

मी उठले. हिच्याकडून काही मिळणार नाही, हे कळलं होतं. आणि हिने मुलगी पळवलेली नाही, हेही कळलं होतं. पण मला कळून उपयोग नव्हता. साहेबांच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं.

मी मुलीच्या आईकडे गेले. परळच्याच एका इस्पितळात आया होती. कलाकारांच्या खोलीत एका कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसली होती. रडत नव्हती. ही गोष्ट मला खटकली. पोर पळवलेली आई जागेवर बसत नाही, दारातून आत-बाहेर करते, दिसेल त्याचा हात धरते. ही मान खाली घालून बसलेली.

मी शेजारी बसले. "लालबागला कितव्या मजल्यावर राहता?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

"चाळीत कुठली लिफ्ट, मॅडम."

"घरात कोण कोण?"

"मी आणि ती. दोघीच."

"ड्युटी?"

"दिवसाची. सकाळी निघते, संध्याकाळी येते."

"संडास घरात आहे?"

"नाही. गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून."

मीही चाळीतच आयुष्य काढलंय. टोकाच्या संडासाला जायचं म्हणजे काय, बादली, ओली फरशी, दाराबाहेरची रांग, हे मला कुणी सांगायला नको होतं. म्हटलं, "चिटणीस सांगतात, पोरगी एक पाऊल टाकत नाही. मग दिवसभर तुम्ही इस्पितळात असता तेव्हा ती संडासला कशी जाते?"

आईने वर पाहिलं.

"शेजारीण उचलून नेते, असं सांगू नका," मी म्हटलं. "मी आत्ता जाऊन शेजारणीला विचारीन."

"चालते," ती म्हणाली. "पायांना कॅलिपर, त्या लोखंडी पट्ट्या लावून, कुबड्या घेऊन चालते. जिनेसुद्धा उतरते. दोन वर्षं झाली."

"मग इथे खुर्ची कशाला?"

"संस्थेवाले बोलले, टीव्हीवर चालताना दिसली तर लोक पैसे देत नाहीत. कॅलिपर घालून आणू नका बोलले. तिची शाळा, औषध सगळं तेच बघतात. काय बोलणार मी?"

"आज कॅलिपर कुठे आहेत?"

तिने बाकाखालची कापडी पिशवी ओढली. घरी परतताना जिना चढायला लागतात म्हणून आणले होते. पिशवी रिकामी. भिंतीला टेकवलेल्या कुबड्याही नव्हत्या.

"हे तुम्ही मघाशीच पाहिलंत."

"पाहिलं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं."

आम्ही सगळे शोधत होतो ती उचलून नेलेली मुलगी. चालत गेलेली मुलगी शोधायला कुणी निघालंच नव्हतं.

चालत गेली, तर किती लांब? मागच्या दरवाजाला पायरी नव्हती, तिथून मंडपवाल्याच्या हातगाड्या आत येत. तिथून गल्लीत, गल्लीतून रस्त्यावर. आता परळच्या रस्त्यावर कॅलिपर लावलेली, झगमगता फ्रॉक घातलेली पोरगी एकटी चालली, तर पानवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे मान वळवून बघणार, चार जण मदतीला धावणार. माझ्या शिपायांनी सगळीकडे विचारलं होतं, कुणी पाहिली नव्हती. अशी मुलगी कुणाच्या नजरेत भरणार नाही अशी त्या भागात एकच जागा होती. गेटसमोर.

मी सरळ तिथे गेले आणि रांगेच्या एका टोकापासून एकेकाचं तोंड बघत निघाले. दुपारपासून त्याच रांगेसमोरून मी आणि माझे शिपाई फेऱ्या मारत होतो. पाट्या वाचल्या होत्या, कुबड्या दिसल्या होत्या, टेंपो तपासला होता. तोंडं कुणी पाहिली नव्हती.

गेटवर त्या नटाचं मोठं होर्डिंग होतं, कडेवर तीच मुलगी. फोटो जुना, त्यात ती सहा वर्षांची. आणि बरोबर त्याच्या खाली, सतरंजीवर, दोन बायांच्या मध्ये ती बसली होती. आता तेरा वर्षांची, लांब वेणीची. फ्रॉकवरून कुणाचा तरी मोठा पांढरा शर्ट घातलेला, मांडीवर पाटी. शर्टाखालून फ्रॉकची गुलाबी झालर दिसत होती.

मी समोर उकिडवी बसले. "किती वेळ बसलीस?"

"तुम्ही पाचदा समोरून गेलात," ती म्हणाली.

शेजारच्या बाया हसल्या. मी हसले नाही. "बाहेर का आलीस?"

तिने आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कानाशी आली. "माझी पाळी आहे. सकाळपासून. ते सगळ्यांसमोर उचलतात, फ्रॉक वर होतो. मी आईला बोलले, आज नको. आई बोलली, दोन मिनिटांचं काम आहे. सेक्रेटरी काकांना बोलले तर ते बोलले, स्माइल कर, बाकी आम्ही बघतो."

मी तिच्याजवळ सरकले आणि हळूच विचारलं,

"ह्या ताईने तुला बोलावलं?"

"नाही. मी आले आणि विचारलं, इथे बसू का. त्या बोलल्या, स्वतःच्या मनाने आलीस ना? मग बस. आणि त्या बोलल्या आईला सांग. मी बोलले, फंक्शन सुरू झाल्यावर सांगते. आधी सांगितलं तर नेतील."

एवढ्यात चिटणीस धावत आले. कुणीतरी त्यांना खबर दिली असावी. "अगं, इथे बसलीयस! चल चल, गाडी आली," म्हणत ते वाकले आणि तिच्या दोन्ही काखांत हात घातले. पोरगी किंचाळली.

मी म्हटलं, "हात काढा."

"मॅडम, वेळ नाही, सर ग्रीन रूममध्ये—"

"चिटणीस साहेब, अपहरणाची तक्रार लिहायची फार घाई होती ना तुम्हाला? अल्पवयीन मुलगी, तिच्या मनाविरुद्ध, उचलून न्यायची. आता माझ्यासमोर उचललीत तर तीच तक्रार मी तुमच्या नावावर लिहीन. पंच इथे पन्नास बसलेत."

त्यांनी हात काढले. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "विचारून बघा ना काका, येतेस का म्हणून. एवढं सोपं आहे." चिटणिसांनी काही विचारलं नाही.

चौकीच्या दारातच मुलीचा जबाब घेतला, आईच्या समक्ष. ताई फळीच्या तोंडाशी होती. साहेब स्वतः आले. मी मुलीला विचारलं, "तुला हॉलमधून बाहेर कुणी आणलं?"

ती म्हणाली, "मी चालत आले."

तसंच लिहिलं. पाळीचं लिहिलं नाही, ते कुणाच्या कागदात जायची गरज नव्हती. साहेबांनी वाचलं, ताईकडे पाहिलं, म्हणाले, "पोलिसांपासून माहिती लपवलीत तुम्ही. पुन्हा असं कराल तर मी ऐकणार नाही."

ताई म्हणाली, "पुन्हा तुमच्या चौकीला पायरी असेल तर मीही येणार नाही."

साहेब हसले आणि गेले. गुन्हा दाखल झाला नाही. डायरीत नोंद झाली, मुलगी सुखरूप मिळाली.

सन्मान व्हायचा तो झाला. मी दारात उभी राहून थोडा वेळ पाहिला. नटाने ट्रॉफी घेतली, मग सवयीने बाजूला खुर्चीकडे वळला. खुर्ची तिथे होती, आणलेलीच होती कुणीतरी, पण रिकामी. तो क्षणभर गोंधळला आणि ट्रॉफीच छातीशी धरून उभा राहिला. लोक त्याला वाईट म्हणतील, मी म्हणणार नाही. त्याच्या पैशाने कितीतरी मुलांची ऑपरेशनं झाली असतील. पण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यातल्या एकीला त्याने इतक्या वर्षांत 'उचलू का?' एवढं विचारलं नव्हतं, आणि म्हणून गेटसमोरचे लोक बरोबर होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी खबऱ्याला झापलं. "ताई चौकात नक्की काय बोलली होती?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "बोलली, पोरीची मर्जी नसेल तर मी हिला स्टेजवर चढू देणार नाय."

"मग अर्धंच का सांगितलंस? आणि पोरगी चालते हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत हाय की. रोज टक टक करत जिना उतरते, दुकानासमोरून शाळेत जाते. पण तुम्ही इचारलं कुठं?"

विचारलं नव्हतं, हे खरंच होतं.

आठवड्याने ताईची पडताळणी मी वर पाठवली. ती नोकरीला लागली. लागल्याचं सांगायला ठाण्यात आली तेव्हा दारात तीन पायऱ्या होत्या. नवा शिपाई धावला आणि खुर्चीला हात घालणार, तोच मी आतून ओरडले, "अरे, आधी विचार तिला!"

तो थांबला, ओशाळला. म्हणाला, "ताई, उचलू का?"

"नको," ती म्हणाली. "फळी आहे का?"

होती. चौकीतून ती मी केव्हाच ठाण्यात आणून दाराआड उभी करून ठेवली होती.